खोल बोअर, अणुकचरा आणि किल्लारीचा खडक

धाराशिवच्या माणसाला बोअर नवा नाही. उन्हाळ्यात शिवारात बोअरची गाडी लागते, रात्रभर कंप्रेसर घरघरतो. आधी मुरूम निघतो, मग राखाडी भुगा, मध्येच विटेच्या रंगाची लाल माती, पुन्हा काळा दगड. पाणी लागलं नाही तर नुसता फुफाटा. पण पाण्यासाठी नसलेलं एखादं मशीन आलं आणि शेकडो मीटर खाली जाऊ लागलं, तर पोटात गोळा येणं साहजिक आहे. खोल छिद्र आणि अणुकचरा यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली आहे. ती नीट सोडवायला हवी.

गैरसमज : एवढं खोल छिद्र म्हणजे काहीतरी पुरायचंच असणार.

याचं उत्तर आपल्या हाकेच्या अंतरावर, किल्लारीला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. औसा आणि उमरगा भागातली गावंच्या गावं दगडामातीच्या ढिगाऱ्यात गेली, सुमारे 8 हजार माणसं गेली. त्या दिवसापर्यंत हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. नकाशा चुकला. खालच्या खडकाची नीट माहितीच नव्हती. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल विवर घेतलं. त्यात 338 मीटरपर्यंत लाव्हाचे थर मिळाले, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक आणि मग 250 कोटींहून अधिक वर्षांचा जुना पाया. लाव्हाच्या थरांच्या सीमा जुळवून पाहिल्या तेव्हा त्या प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगेवर, काही मीटर सरकलेल्या दिसल्या. एवढं सरकणं एका भूकंपाचं नव्हे, म्हणजे 1993 च्या आधीही ही जमीन तिथे हलली होती. त्या विवरात काही पुरलं नाही. उलट पुरून राहिलेली गोष्ट त्यातून वर आली. 2002 च्या नकाशात किल्लारी परिसर झोन 3 मध्ये गेला.

कोयनेजवळ गोठणे इथलं 3 किलोमीटरचं विवरही असंच, भूकंप समजून घेण्यासाठी.

गैरसमज : कचरा साठवायची जागा तपासतात, म्हणजे त्याच छिद्रात तो टाकतात.

तपासणीचं विवर बहुधा हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचं असतं. बोअरच्या हातोड्याने दगडाचा भुगा होतो. इथे हिऱ्याच्या कड्याने दगडाचा अखंड दांडा कापून काढतात. त्याला कोअर म्हणतात. हे दांडे खोलीच्या क्रमाने पेट्यांत मांडले की कुठे भेग आहे, कुठे भेगेतून पाणी वाहिल्याचा गंज आहे, हे बोट ठेवून दाखवता येतं. मग विवराचा एकेक तुकडा वर-खाली रबरी बुचांनी बंद करून त्यात पाणी किती झिरपतं ते मोजतात. प्रत्यक्ष भांडार म्हणजे वेगळे बोगदे. फिनलंडमधलं ओंकालो हे भांडार सुमारे 430 मीटर खोल आहे, तेही अशी कित्येक विवरं घेऊन, अनेक वर्षं मोजमाप करून मग खोदलेलं. शिवाय तपासणीची छिद्रं उघडी राहिली तर पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून ती शेवटी काटेकोरपणे बुजवावीच लागतात.

एक खरं सांगायला हवं. काही किलोमीटर खोल विवरातच कचऱ्याचे डबे सोडावेत, ही कल्पनाही अभ्यासली गेली आहे. 2016 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्यासाठी नॉर्थ डकोटात 5 किलोमीटरचं चाचणी विवर घ्यायचं ठरवलं. यात कचरा कधीच टाकणार नाही, असं खातं सांगत राहिलं. स्थानिकांनी नकार दिला आणि पुढच्या वर्षी प्रकल्पच गुंडाळला गेला. मला त्या लोकांना अडाणी म्हणवत नाही. आधी निर्णय आणि मागून खुलासा, हा क्रमच चुकीचा होता.

गैरसमज : आपला काळा पाषाण अभेद्य आहे, इथेच कचरा आणतील.

पुन्हा बोअरच्या भुग्याकडे पाहा. मध्येच येणारी ती लाल माती म्हणजे दोन लाव्हांमधला थर. काही थर स्पंजासारखे सच्छिद्र, काहींत उभ्या भेगा. आपल्याला पाणी मिळतं ते यामुळेच, आणि नेमक्या याच कारणाने हा खडक अशा साठ्यासाठी सोपा नाही. अमेरिकेत हॅनफर्डच्या अशाच लाव्हा-खडकाचा अभ्यास 1987 मध्ये सोडून देण्यात आला. आपल्या पट्ट्यात तर त्याखाली हललेला प्रस्तरभंगही आहे. माझ्या मते हा भाग पहिल्या चाळणीतच गळेल. भारताने असं कायमचं भांडार अजून कुठेही उभारलेलं नाही. तारापूरला घातक द्रव कचरा काचेत मुरवून पोलादी डब्यांत, हवेने थंड होणाऱ्या कोठ्यांत ठेवतात. अणुकचरा म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं पाझरणाऱ्या पिंपांचं चित्र या डब्यांना लागू होत नाही.

गैरसमज : छिद्र पाडल्याने भूकंप होतो.

किल्लारीत भूकंप आधी झाला, विवर नंतर आलं. मोठ्या दाबाने भरमसाट पाणी खडकात कोंबलं तर हादरे बसू शकतात, हे खरं. कोअर काढणं म्हणजे ते नव्हे.

तेव्हा शिवारात असं मशीन दिसलं तर अफवा पुढे ढकलू नका, ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. काम कोणत्या संस्थेचं? खोली किती? कोअर कुठे ठेवणार आणि आम्हाला दाखवणार का? काम संपल्यावर विवर कशाने बुजवणार? उत्तरं लेखी घ्या.