गडगा कुणाला अडवतो?

गुहागरला गेलात, तर समुद्राकडे धूम ठोकण्याआधी जरा घरांच्या मागे डोकावा. गावातून लांबलचक रस्ता जातो, रस्त्याकडेला घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळ-पोफळींची आगरं आणि आगरं संपली की थेट वाळू. दोन आगरांच्या मधे जांभ्या दगडांचा गडगा. तो माणसांना अडवतो, गुरांना अडवतो. बाकी कुणी त्याला जुमानत नाही!

पाण्याचंच बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी आगरातल्या विहिरीचं पाणी गोडं कसं? पावसाळ्यात वाळूत मुरलेलं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगत राहतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन साधारण 1000 ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचं सुमारे 1025. फरक एवढासा, पण तेवढा पुरतो. शिवाय वाळूच्या कणांमधल्या चिंचोळ्या जागेत दोन्ही पाणी चटकन मिसळत नाहीत. म्हणजे विहिरी ज्याच्या त्याच्या, पण खाली गोड्या पाण्याचा थर सगळ्यांचा मिळून एकच. पूर्वी रहाटाची गाडगी कुरकुरत, सावकाश पाणी वर आणायची. आता पंपाचं बटण दाबलं की झालं. वाडीतल्या एकाने बेसुमार उपसा केला, तर खालचं खारं पाणी वर चढतं आणि शेजारच्या काकूंचा चहा खारट होतो!

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आता 100 चौरस मीटरच्या कौलांवर किती पडेल? तीन लाख लिटर! तरी मे महिन्यात कितीतरी विहिरी तळ दाखवतात, कारण जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून झरझर निघून जातं. आणि आपण शहाणे लोक नव्या इमारतींच्या आवारात कोपऱ्यापर्यंत फरशी घालतो, म्हणजे मुरायचं तेवढंही मुरायला नको.

जुन्या घरांत मात्र न्हाणीचं पाणीसुद्धा फुकट जात नाही. ते दांडाने थेट अळवाला आणि केळींना जातं. अळू कायम चिखलात उभं, तरी कुजत नाही. त्याच्या देठाचा आडवा काप करून उजेडात धरा. आत बारीक पोकळ्यांची जाळी दिसेल. त्यातून हवा खाली मुळांपर्यंत पोचते. थोडक्यात, तुमच्या आंघोळीचं पाणी फदफदं होऊन ताटात परत येतं. नाक मुरडू नका, दुसरी वाटी तुम्हीच मागता!

आगरात झाडंही चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी दाटीवाटीने राहतात. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरवेल, मग केळ, तळाशी अननस आणि हळद. भांडणं होत नाहीत का? माडाला सोटमूळ नसतं. त्याची बहुतेक कामाची मुळं बुंध्याभोवती दोनेक मीटरच्या घेरातच असतात. साडेसात मीटरवर माड लावले, तर मधली पुष्कळशी जमीन मोकळीच. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने याच जागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावून 'लाखी बाग' उभी केली. मिरवेल पोफळीचा फक्त आधार घेते, तिचं अन्न चोरत नाही. तिच्या फुलांचे पराग इकडून तिकडे न्यायला तर पावसाचे थेंबही मदत करतात.

असाच काहीसा प्रयोग अमेरिकेतही झाला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी कॉर्बेट दांपत्याने 1970च्या दशकात 'व्हिलेज होम्स' ही वसाहत आखली. दोनशेहून अधिक घरं, सामाईक फळझाडं, पाऊस मुरवायला उथळ चर. जगभरातून लोक ती बघायला गेले. जायलाच हवं, छान आहे ती. पण जाता जाता त्यांनी गुहागरलाही उतरायला हरकत नव्हती.

आता रातांब्याची, म्हणजे कोकमाची गंमत. रातांब्यात नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. बी पेरून आलेलं रोप नर की मादी, हे ते फुलल्याशिवाय कळत नाही आणि फुलायला कितीतरी वर्षं लागतात. थंडीत फुलं आली की जवळून पाहा. फुलाच्या मधोमध नुसता पुंकेसरांचा झुबका असेल तर झाड नर. इवलीशी गोल गाठ असेल तर मादी, त्या गाठीचाच पुढे रातांबा होतो. नराला फळ धरत नाही, म्हणून 'काय कामाचं?' असं म्हणत लोक त्याच्यावर कोयती चालवतात. पण मादीला फळं नीट धरायला त्याचेच पराग लागतात आणि ते पोचवणारे किडे गडगा बघून थांबत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी रातांब्याच्या रसाची, म्हणजे आगळाची बाटली दिली, तर खुशाल घ्या. त्यांच्या रातांब्याला पराग पुरवणारं झाड तुमच्या आगरात असू शकतं.