चाचणीची मोटार, भरपाई कोणाची?

गिऱ्हाईक दुकानदाराची मोटार चालवून पाहते, शेजारी विक्रेता बसतो, आणि शिरोली नाक्याजवळ सायकलवाल्यास धक्का लागतो. भरपाई कोणी द्यावयाची? निष्काळजी चालविणारा जबाबदार खराच. पण तो मालकाच्या संमतीने, त्याच्याच विक्रीपायी चालवीत असतो, म्हणून मालकही सहसा सुटत नाही. नागपूरहून पांढुर्ण्यास जाताना १९६० साली एका जिनिंग कंपनीच्या व्यवस्थापकाने मोटार झाडावर घातली, प्रवासी दगावला; १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले.

आम्हांस काळजी त्या विक्रेत्याची. मोडतोडीचा खर्च मालक त्याच्या पगारातून कापू लागला तर? त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा असल्याखेरीज, त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज कपात करता येत नाही. १९३६ च्या कायद्यातील ही अट २०१९ च्या वेतन संहितेनेही राखली आहे. स्टिअरिंग गिऱ्हाइकाच्या हाती होते, हे त्याने तेव्हाच लेखी नोंदवावे.