एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरचे जीवाणू

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल काय, हा प्रश्न बहुधा दूरस्थ ताऱ्यांकडे पाहून विचारला जातो; परंतु त्याच प्रश्नाचा शोध हैदराबादहून आकाशात सोडलेल्या महाकाय फुग्यांच्या साहाय्याने आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी घेतला, आणि त्याची धुरा पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांनी वाहिली, हा इतिहास मराठी वाचकाने अभिमानाने आणि तितक्याच चिकित्सक वृत्तीने जाणून घ्यावा, असा आहे.

केंब्रिज येथे नारळीकरांचे गुरू असलेले फ्रेड हॉईल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे प्रतिपादन असे, की जीवाचे बीज पृथ्वीवर उत्पन्न झालेच नाही. ते धूमकेतूंच्या द्वारे अंतराळातून येथे आले आणि आजही येत आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे मत मान्य नाही. तथापि त्याचा एक मोठा गुण असा, की ते कसोटीस लावता येते. कारण सूक्ष्मजीव खरोखरच वरून उतरत असतील, तर जमिनीवरची धूळ सहसा जेथवर पोहोचत नाही, अशा अतिविरळ हवेतही त्यांचा मागमूस लागला पाहिजे.

प्रश्न होता तो ही हवा निर्दोषपणे हस्तगत करण्याचा. इस्रोच्या साहाय्याने त्याची जी तजवीज करण्यात आली, ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. निर्जंतुक करून आतून निर्वात केलेल्या पोलादी नळ्या सुमारे उणे २४६ अंश सेल्सिअस इतक्या थंड द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवलेल्या असत. ठराविक उंचीवर झडप उघडली, की आत शिरलेली हवा तत्क्षणी गोठे, पोकळी पूर्ववत राही, आणि त्या पोकळीच्या ओढीने आणखी हवा आत येत राही. पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले. दुसऱ्या खेपेस, २० एप्रिल २००५ रोजी, ३८ किलो निऑनसह ४५९ किलोंचा सरंजाम वर गेला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा घेऊन हवाई छत्रीने खाली उतरला. एका प्रयोगशाळेच्या साक्षीवर विसंबून न राहता हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तिची स्वतंत्र तपासणी झाली.

निकाल मार्च २००९ मध्ये जाहीर झाला. जीवाणूंच्या १२ वसाहती वाढल्या, बुरशीच्या ६. जीवाणूंपैकी ९ ज्ञात जातींशी जुळले. तीन मात्र नवीन निघाले आणि आपल्या निकटच्या आप्तांपेक्षा अतिनील किरणांपुढे अधिक तग धरणारे ठरले. एकाला हॉईल यांचे, दुसऱ्याला इस्रोचे आणि तिसऱ्याला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

आता ते आले कोठून? जात नवीन आहे, एवढ्यावरून ती परकी ठरत नाही, कारण आपल्या पायाखालच्या मातीतलेही असंख्य जीवाणू अद्याप कोणाच्या दप्तरी नोंदलेले नाहीत. शिवाय या तिघांची जनुके पृथ्वीवरील जीवाणूंच्या वंशावळीत बिनतक्रार बसतात. यावर हॉईलपंथीय म्हणतील, की पृथ्वीवरचे जीवाणूही मुळात त्याच आकाशस्थ बीजाचे वंशज, मग साम्य असणारच. आणि हा युक्तिवाद केवळ जनुकांच्या तुलनेने खोडून काढता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी कर्बाच्या समस्थानिकांचे परस्पर प्रमाण तपासण्यासारखा वेगळा पुरावा हवा. प्रयोगकर्त्यांनीही या जीवाणूंचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे निकालासोबतच स्पष्ट सांगितले. ज्या गुरूच्या सिद्धान्ताची परीक्षा चालली होती, त्याच्याविषयी एवढा जिव्हाळा असतानाही शब्द पुराव्यापुढे जाऊ दिला नाही, ही निष्ठा मला शोधाहूनही मोलाची वाटते.

आर्यभटाच्या नावाचा जीवाणू पुढे शेतातील पिकांच्या मुळांशीही सापडला. त्यामुळे हे तिघे पृथ्वीचेच रहिवासी असावेत, असे माझे मत आहे. मात्र ते एवढ्या उंचीवर कसे पोहोचले आणि तेथे जिवंत कसे राहिले, हा प्रश्न शिल्लकच आहे, आणि त्यासाठी नव्या उपकरणांनिशी तसाच फुगा पुन्हा एकदा आकाशात सोडला जावा, अशी आपल्या विज्ञानसंस्थांना आग्रहाची विनंती आहे.