निळ्या कुपीतले तांबे

ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळणाऱ्यांना एक गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या कितीतरी आधी कळली होती. ज्या कुरणाच्या मातीत तांबे कमी, तिथल्या मेंढ्यांची लोकर बिघडते. तिची कुरळी लाट जाते आणि ती तारेसारखी ताठ, निस्तेज होते. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या डेव्हिड डँक्स यांना ही लोकर आठवली, ती काही तान्ह्या मुलांचे केस पाहून. या मुलांना जॉन मेंकेस यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत वर्णन केलेला दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. केस पिळलेले आणि तुटके, कातडी सैल, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, मेंदूची वाढ खुंटलेली. डँक्स यांनी त्यांच्या रक्तातले तांबे मोजले, तर ते फारच कमी भरले. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मेंकेसच्या आजाराचे मूळ हाती लागले: खाल्लेले तांबे आतड्यातच अडकते, शरीरभर पोचत नाही.

आज सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ‘कॉपर पेप्टाइड’ नावाची निळीशार कुपी दिसते. तिची गोष्ट सांगायची तर सुरुवात या मुलांपासून करावी लागते, कारण तांब्यावाचून कातडीचे काय होते ते त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी दाखवत नाही.

प्रौढ माणसाच्या अंगात तांबे असते जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमटीत मावेल एवढे. पण त्याच्यावाचून अडणारी कामे मोठी आहेत. कातडी, हाडे, स्नायुबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना ताकद देते ते कोलॅजेन हे प्रथिन. ते तीन पदरी दोरासारखे वळलेले असते. या तिपेडी रचनेचा उलगडा करणाऱ्यांत मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था हे अग्रभागी होते. १९५४-५५ मधल्या त्यांच्या कामासाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध वापरला गेला आणि तो मिळवून दिला शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने. नुसते दोर वळून भागत नाही. दोर एकमेकांना टाचावे लागतात. हे टाके घालते लायसिल ऑक्सिडेझ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम. त्याच्या गाभ्यात तांब्याचा अणू बसलेला असतो. तांबे नसेल तर टाके पडत नाहीत, आणि टाके नसले की कातडी लोंबते, रक्तवाहिनी फुगते.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे वळू. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन पिकार्ट हे संशोधक यकृताच्या पेशींवर काम करत होते. म्हाताऱ्या माणसांच्या यकृताच्या पेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या, की त्या तरुण पेशींसारखी प्रथिने बनवू लागतात असे त्यांना दिसले. मग रक्तद्रवात असे आहे तरी काय? रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून येणारा एक अगदी छोटा रेणू त्यांनी वेगळा काढला आणि १९७३ मध्ये मायकल थेलर यांच्यासह ते काम ‘नेचर न्यू बायॉलॉजी’त छापले. अल्ब्युमिन ५८५ अमिनो आम्लांची माळ, तर हा रेणू फक्त तीन मण्यांचा: ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. अशा छोट्या माळेला पेप्टाइड म्हणतात, आणि मण्यांच्या एकाक्षरी शास्त्रीय खुणांवरून या माळेचे नाव जीएचके.

त्या मूळ निबंधाच्या शीर्षकात दोन गोष्टी होत्या. हा रेणू यकृताच्या निरोगी पेशींचे आयुष्य वाढवतो ही पहिली. यकृताच्या अर्बुदपेशींच्या वाढीलाही चालना देतो ही दुसरी. प्रसाधनांच्या जाहिरातीत पहिलीच तेवढी उरली! परीक्षानळीतल्या एका निरीक्षणावरून कोणी घाबरून जावे असे नाही. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलट दिशेचे संकेतही मिळाले. पण जो रेणू पेशींना ‘वाढा’ म्हणतो तो कोणत्या पेशींना म्हणतो, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून टेबलावर होता, एवढे विसरू नये.

तांबे या गोष्टीत आले १९८० मध्ये. पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडले की जीएचके एकटा फिरत नाही, तो तांब्याला धरतो आणि बहुधा पेशीपर्यंत पोचवतो. तांब्याचा आयन त्याच्या तीन नायट्रोजन अणूंच्या चिमट्यात बसतो, आणि कुपीतला निळा रंग येतो तो याच बंधामुळे. चिमट्याची पकड किती घट्ट, हे टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये विबुधेंद्र सरकार आणि लाऊ यांनी १९८१ मध्ये मोजले. ती अल्ब्युमिनच्या तोडीस तोड निघाली. म्हणजे रक्तातल्या मुख्य वाहकाकडून तांबे काढून घेण्याइतका दम या तीन मण्यांत आहे. हे सरकार भारतात शिकलेले जैवरसायनशास्त्रज्ञ. रक्तात तांबे हिस्टिडिनशी जोडून फिरते हे त्यांनी १९६० च्या दशकातच दाखवले होते आणि मेंकेसच्या मुलांना तांबे-हिस्टिडिनची इंजेक्शने देण्याची कल्पना त्यातूनच आली. जन्मानंतर अगदी लवकर सुरू केलेल्या या उपचाराने काही मुलांचे आयुष्य सावरले.

कातडीचा खरा अध्याय फ्रान्समधल्या रँस शहरात लिहिला गेला. फ्रान्स्वा-झाविए माकार आणि सहकाऱ्यांनी फायब्रोब्लास्ट पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. या पेशी म्हणजे कातडीतले गवंडी. कोलॅजेन तेच बनवतात. त्यांच्यावर जीएचके-तांबे टाकल्यावर कोलॅजेनचे उत्पादन वाढले. १९८८ च्या त्या निबंधातले विशेष म्हणजे मात्रा. परिणाम सर्वाधिक दिसला तो लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी प्रमाणात. माकार यांनी आणखी एक गोष्ट हेरली. ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन हा क्रम खुद्द कोलॅजेनच्या एका पदरात आहे. त्यावरून एक सुंदर तर्क निघतो. जखम होते, दोर तुटतो, तुकडे करणारी विकरे कामाला लागतात, आणि तुटलेल्या दोरातूनच तीन मण्यांची चिठ्ठी बाहेर पडते: इथे डागडुजी करा. मोडलेली भिंत स्वतःच गवंड्याला हाक मारते म्हणा ना! हा तर्क आहे, पूर्ण सिद्ध झालेली घटना नव्हे; पण त्याने अनेक प्रयोगशाळांना कामाला लावले.

पाच वर्षांनी याच गटाने उंदरांच्या कातडीखाली जाळीच्या नळ्या बसवल्या, कृत्रिम जखमाच म्हणायच्या, आणि त्यांत हे संयुग सोडले. नळ्यांत साठलेली ऊती, तिच्यातली प्रथिने, कोलॅजेन, सगळेच वाढले. पुढे असेही कळले की ते जुना माल उपसणाऱ्या विकरांनाही जागे करते. नुसते बांधकाम वाढले असते तर जाड, उंचवटलेला व्रण उरला असता; चांगली जखम भरणे म्हणजे पाडणे आणि बांधणे यांचा मेळ. चेन्नईच्या त्याच चर्म संशोधन संस्थेत २००५ च्या सुमारास आर. जयकुमार यांच्या गटाने जीएचके बसवलेला कोलॅजेनचा पापुद्रा उंदरांच्या जखमांवर लावला आणि जखमा लवकर भरताना पाहिल्या. ज्या संस्थेने रामचंद्रनांना कांगारूची शेपटी मिळवून दिली, तिथेच कोलॅजेनच्या जखमेवर इलाज शोधला जावा, ही मजेची गोष्ट. चामडे कमावणाऱ्यांचे संशोधन अखेर कातडी जोडण्यापर्यंत आले.

आणि मग माणसे आली.

पिकार्ट यांनी १९८५ मध्ये प्रोसाइट ही कंपनी काढली होती. जखमांचे औषध बनवायचे हा हेतू. नीलांच्या बिघाडाने पायावर होणारे, महिनोन्महिने न भरणारे व्रण असलेल्या ८६ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये छापले गेले. तीन गट होते: तांबे-पेप्टाइडचे, म्हणजे जीएचके-तांब्याचे मलम, भाजल्यावर आपण लावतो ते सिल्व्हर सल्फाडायझिन, आणि औषध नसलेले मलम. चार आठवड्यांत व्रण सरासरी आक्रसले ते अनुक्रमे १८.७, ४४ आणि २२.५ टक्के. म्हणजे तांब्याचे मलम रिकाम्या मलमापेक्षा सरस ठरले नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर १९९४ मध्ये आशादायक निकाल आले होते, पण औषध म्हणून मान्यता मिळेल इतका भक्कम पुरावा उभा राहिला नाही. कंपनी हळूहळू त्वचेच्या आणि केसांच्या प्रसाधनांकडे वळली आणि २००५ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली.

बशीत चालणारी गोष्ट पायावर का चालू नये? जुनाट जखम म्हणजे प्रथिने कुरतडणाऱ्या विकरांचे डबके. तीन मण्यांची माळ तिथे टिकणार किती वेळ? शिवाय बशीतल्या पेशींना रक्तपुरवठा, जंतू, साखर यांची चिंता नसते. म्हणून आज प्रयोगशाळांत भर आहे तो वाहकांवर: जेलमध्ये कोंडून, सूक्ष्म मेदथेंबांत भरून, तंतूंच्या पट्टीत विणून हा रेणू सावकाश सोडायचा.

प्रसाधनांचे काय? कातडी ओलांडायला रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा हलका हवा असा ठोकताळा आहे, आणि तांब्यासह हा ४०० च्या आसपास बसतो. म्हणजे रस्ता बंद नाही, पण अरुंद आहे. सुरकुत्यांवरचे बरेच अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतले काही तर परिषदेत मांडून तिथेच थांबले. नीट नियंत्रित म्हणावा असा एक २००६ चा: लेझरने चेहऱ्याची कातडी नवी केलेल्या १३ जणांना तांबे-पेप्टाइडची प्रसाधने दिली. लाली, सुरकुत्या, कातडीचा दर्जा यांत लक्षणीय फरक पडला नाही. रुग्ण मात्र जास्त समाधानी होते! शिवाय या विषयावरचे सर्वाधिक उद्धृत होणारे आढावे खुद्द पिकार्ट यांचेच आहेत, आणि याच पेप्टाइडची प्रसाधने विकणारी कंपनीही त्यांनी काढली होती. वयाच्या विशीत रक्तातला जीएचके मिलिलिटरमागे २०० नॅनोग्रॅम आणि साठीत ८० वर येतो, हा जाहिरातीतला लाडका आकडाही त्यांच्याच आढाव्यांतून फिरतो. यावरून ते काम खोटे ठरत नाही. फक्त वाचताना एक डोळा उघडा ठेवावा.

नव्या शतकात संगणकाने या रेणूला पुन्हा उजेडात आणले. २०१२ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटाने वातस्फीतीने खराब झालेल्या फुप्फुसांतल्या १२७ जनुकांची बिघडलेली चाल तपासली आणि ती उलटवेल असा पदार्थ औषधांच्या संग्रहात धुंडाळला. उत्तर आले जीएचके. रुग्णांच्या फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्टवर तो टाकल्यावर त्यांची कोलॅजेन आवळण्याची क्षमता सुधारली. हेही बशीतलेच. पण पिकार्ट यांच्याशी संबंध नसलेल्या माणसांनी, वेगळ्याच वाटेने, त्याच तीन मण्यांपाशी यावे याला वजन आहे.

मराठी घरात तांब्याचे नाव निघाले की तांब्या-भांडे आठवणारच. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यात अतिसाराचे जंतू मरतात, हे बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १६ तासांच्या प्रयोगात दाखवले आहे. पण ते सुट्या तांब्याच्या आयनांचे काम. त्याने सुरकुत्या जात नाहीत, आणि कुपीतले पेप्टाइडही त्यात नसते. तसेच ‘क’ जीवनसत्त्वाचे आणि तांब्याचे द्रावण एकाच वेळी चेहऱ्यावर थापणे व्यर्थ. तांबे ‘क’ जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण घडवते आणि दोन्ही वाया जातात.

कुपी चेहऱ्यावर लावणाऱ्याचे फार तर पैसे जातील. सुई हातात घेणाऱ्याची बाब निराळी. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारून विकली जाणारी जीएचके-तांब्याची पूड पाण्यात कालवून टोचून घेण्याची टूम आता निघाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इंजेक्शनवाटेच्या जीएचके-तांब्याला सुरक्षिततेबाबत गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर उलटण्याचा धोका हे एक कारण. वर सांगितलेल्या कोणत्याही प्रयोगात निरोगी माणसाला तरुण दिसण्यासाठी हे टोचलेले नाही. तेव्हा कोणी ओळखीचा तसे करायच्या बेतात असेल, तर त्याला आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.