कामाची वाट आणि वाहन

कामावर जातांना मनुष्य सायकल कां घेतो आणि मोटार कां घेतो, हा प्रश्न वरवर पाहतां आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो आधीं अंतराचा आहे. कुंडलच्या परिसरांत हें चांगलें समजून येतें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलच्या दुकानांत झाला. पुढें १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्यानें त्यांनीं कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना आणला आणि त्याच्या शेजारींच कामगारांची वसाहत वसविली. तीच किर्लोस्करवाडी. घर कामाजवळ आलें कीं वाहनाची गरजच उणावते.

दुरून येणाराचा हिशेब मात्र निराळा. सायकल ताशीं पंधरा किलोमीटर आणि मोटारसायकल तीस किलोमीटर चालते असें धरलें, तर पांच किलोमीटरच्या वाटेवर मोटारसायकलीनें दहाच मिनिटें वांचतात. तेवढ्यासाठीं पेट्रोलचा नित्य खर्च अनेकांना जड वाटतो. तेंच अंतर वीस किलोमीटर असेल, तर जाऊन येऊन ऐंशी मिनिटें वांचतात. आणि एवढा वेळ दिवसभर राबणाऱ्या माणसाला पैशाहून मोलाचा असतो.

अंतराखेरीज आणखीहि कारणें आहेत. वाटेंत मुलाला शाळेंत पोंचवावयाचें असतें, परततांना बाजारहाट करावयाचा असतो. चैत्र-वैशाखाचें ऊन आणि आषाढाचा पाऊस सायकलस्वाराला चुकत नाहीं. शिवाय लौकिकहि आहेच. एके काळीं जी सायकल दारांत असणें भूषण मानीत, तीच पुढें गरिबीची खूण ठरली. सायकलींचें शहर म्हणून गाजलेलें पुणें वाढत्या अंतरांबरोबर स्कूटरींचें झालें, त्याच्या मुळाशीं हीं दोन्ही कारणें होतीं.

परंतु सर्वांत बिकट प्रश्न रस्त्याचा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे या भागांत उसानें लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रींहि धांवतात. रात्रपाळीहून परतणाऱ्या सायकलस्वाराला कडेला हात-दोन हात जागा नसेल, तर त्याचा जीवच टांगणीला लागतो. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो अशा वेळीं मोटार घेतो. ज्याच्याजवळ नाहीं, तो तोच धोका रोज पत्करतो. त्याच्या सायकलीला निवड म्हणणें योग्य नव्हे. निवडीचा अधिकार त्याला द्यावयाचा, तर आधीं त्याच्यासाठीं सुरक्षित रस्ता बांधला पाहिजे.