किशोरांचा शोक आणि चुन्दसुत्त

घरातील मृत्यूनंतर किशोरवयीन मुलाला आपण ‘आता तूच घरचा कर्ता, रडू नकोस’ असे सांगतो. त्यामुळे शोक ओसरत नाही. तो मौन, चिडचिड वा अभ्यासातील दुर्लक्ष या रूपांनी प्रकट होतो.

येथे संयुत्तनिकायातील चुन्दसुत्त मार्गदर्शक ठरते. मगधातील नालकगामात सारिपुत्तांचे परिनिब्बान झाले. त्यांचा सेवक श्रामणेर चुन्द त्यांचे पात्र-चीवर घेऊन जेतवनात आला. ही वार्ता ऐकून आपले शरीर गळाले, दिशा सुचेनाशा झाल्या, असे आनंदांनी तथागतांना निःसंकोच सांगितले. भगवंतांनी विचारले, सारिपुत्तांनी तुझे शील, समाधी, प्रज्ञा सोबत नेली काय? ‘नाही’ म्हणताना आनंदांनी त्यांचे उपकार आठवले. अनित्यतेचे स्मरण त्यानंतर आले आणि शेवटी स्वतःच स्वतःचे शरणस्थान होण्याचा उपदेश.

हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मुलाला आधी बोलू द्यावे, रडू द्यावे. गेलेल्या माणसाने त्याला काय दिले, हे त्याच्याकडूनच ऐकावे. पुण्यानुमोदनाच्या वेळी त्याला आठवण सांगण्याची संधी द्यावी. अनित्यतेची गोष्ट मग काढावी. मात्र त्याची झोप व अन्न दीर्घकाळ तुटले, किंवा जगणे नकोसे झाल्याचे तो बोलू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. अनित्यतेचा उपदेश अश्रू थोपविण्यासाठी नाही, अश्रूंनंतर उभे राहण्यासाठी आहे.