द्रावणाचे माप

सरबत करताना आई साखर अंदाजाने घालते. ते थोडे गोड वा फिके झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. प्रयोगशाळेत आणि औषधांत मात्र अंदाज चालत नाही. तेथे द्रावणाची तीव्रता आकड्यांत सांगावी लागते. ती सांगण्याची एक रीत म्हणजे रेणुता, अर्थात मोलॅरिटी होय.

पदार्थाचा रेणुभार जितका, तितके ग्रॅम म्हणजे त्याचा एक मोल. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलातील कणांची संख्या सारखीच असते. एक लिटर द्रावणात द्राव्याचे जितके मोल, तितकी त्या द्रावणाची रेणुता.

समजा, मिठाचे ०.१ रेणुतेचे २५० मिलिलिटर द्रावण हवे आहे. मिठाचा रेणुभार ५८.५ धरतात. म्हणून ५८.५ × ०.१ × ०.२५ = सुमारे १.४६ ग्रॅम मीठ लागेल. ते काटेकोर तोलून चंचुपात्रात थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे आणि नरसाळ्यातून २५० मिलिलिटरच्या मापन-चंबूत ओतावे. चंचुपात्र व नरसाळे धुतलेले पाणीही चंबूतच घालावे. मग खुणेपर्यंत पाणी भरून, बूच लावून चंबू चांगला हलवावा. आधी २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात मीठ टाकू नये. कारण २५० मिलिलिटर व्हावयाचे ते द्रावण, पाणी नव्हे.

मोलांनी मोजण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? जुलाबावर देण्यात येणारी जलसंजीवनी पाहा. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ साली ठरवलेल्या तिच्या एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. या वजनांत काही मेळ दिसत नाही. आता मोल मोजा. ग्लुकोजचा रेणुभार १८०, १३.५ ला १८० ने भागले की ०.०७५ मोल येतात. मीठ व सायट्रेट मिळून सोडियमही जवळजवळ तितकेच भरते! आतड्यात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते. वजनाने झाकलेले हे नाते मोलांनी उघड होते.

१९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मोजून केलेले द्रावण रुग्णांना पाजविले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, घरी पुडी फोडाल तेव्हा तीवर लिहिलेले पाण्याचे माप आधी वाचा. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर द्रावण तीव्र होऊन शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढून घेते आणि रुग्णास अपाय होतो. पाणी फार झाले, तर क्षार अपुरे पडतात. तारक ठरते ते योग्य मापाचे द्रावणच.